मोडी अक्षरांचे संगणकीय संकेतन : मणिकर्णिका घाटाच्या काळातील कागद आणि युनिकोड

संदर्भ लेख

वाराणसी : येथील मणिकर्णिका घाटाची बांधणी अठराव्या शतकात थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या आश्रयाने झाली. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकात अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. घाटाच्या पायऱ्या आजही गंगेकाठी उभ्या आहेत. मात्र त्या काळच्या मराठी कारभाराचा कागद बहुतांशी मोडी लिपीत आहे आणि तो सहज वाचू शकणारी माणसे मोजकी उरली आहेत. १६ जून २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ७.० आवृत्तीत या लिपीला स्वतंत्र स्थान मिळाले. त्यामुळे मोडीतील प्रत्येक अक्षराला जगभरच्या संगणकांना समजणारा स्वतःचा क्रमांक लाभला. हा क्रमांक मिळाल्याने नेमके काय साधले आणि काय साधायचे राहिले, हे मोडी कागदांवर अवलंबून असणाऱ्या इतिहास संशोधकांइतकेच सामान्य नागरिकांसाठीही महत्त्वाचे आहे.

काशीतील मराठी कारभार

अठराव्या शतकात काशी मराठी सत्तेच्या थेट अमलाखाली कधीच नव्हती. तरीही या नगरीशी मराठी मुलखाचा व्यवहार अखंड चालू होता. मणिकर्णिका घाटाच्या कामात सदाशिव नाईक यांनी पेशव्यांच्या वतीने लक्ष घातले. कायगावकर दीक्षित घराण्यातील नारायण दीक्षित काशीत स्थायिक झाले व त्यांच्या पुढाकाराने ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट उभे राहिले. मणिकर्णिकेलगतचा शिंदे घाट एकोणिसाव्या शतकात बायजाबाई शिंदे यांनी बांधविला, तर नागपूरकर भोसल्यांचे नाव भोसले घाटाने राखले आहे. ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगा घाटाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी कुटुंबे आजही आहेत.

घाट, देवालये, अन्नछत्रे, दानधर्म आणि यात्रेकरूंची व्यवस्था यांसाठी पैसा पाठवावा लागे, हुंड्या वटवाव्या लागत, हिशेब मागवावे लागत. पुणे, महेश्वर, उज्जैन, ग्वाल्हेर, नागपूर या ठिकाणच्या मराठी दफ्तरांत असा पत्रव्यवहार मोडीत होत असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर यांसारख्या तीर्थांच्या ठिकाणी उपाध्यायांनी सांभाळलेल्या यजमानांच्या वह्यांतही मोडीतील जुन्या नोंदी आढळतात. धार्मिक ग्रंथ बाळबोध अक्षरात आणि व्यवहार मोडीत, अशी ही विभागणी होती. म्हणूनच घाटाचे माहात्म्य देवनागरीतील पोथीत वाचता येते, पण त्या काळच्या खर्चाचा नि मजुरीचा तपशील शोधणाऱ्याला मोडीकडे वळावे लागते.

लिपीची घडण

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने तेराव्या शतकात मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा आहे. शिवकाळात बाळाजी आवजी चिटणीस यांनी तिला वळण दिल्याचे मानले जाते. अभ्यासक तिच्या इतिहासाचे यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन असे टप्पे करतात. मोडून, म्हणजे वळवून लिहिलेली ती मोडी, अशी नावाची एक उपपत्ती आहे. फारसीतील ‘शिकस्ता’ या भराभर लिहिण्याच्या शैलीच्या नावाचा अर्थही ‘मोडलेली’ असाच होतो, याकडे काही अभ्यासक लक्ष वेधतात.

मोडीचा गुण म्हणजे वेग. कारकून प्रथम कागदावर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जाई. काना, वेलांटी, उकार अक्षरांच्या वळणातच मिसळत. शब्दांमध्ये जागा सोडली जात नसे, विरामचिन्हे जवळजवळ नसत आणि नित्याचे शब्द व मायने संक्षेपाने लिहिले जात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद प्रत्यक्ष लेखनात सहसा पाळला जात नसे. आधुनिक लघुलेखनाचे बहुतेक हेतू या लिपीने पुरे केले. फरक इतकाच की, लघुलेखनात ध्वनींसाठी नवीन खुणा ठरवल्या जातात, तर मोडीत नागरीच्याच वर्णमालेला धावते रूप मिळाले.

छपाईने या वेगाची अडचण केली. विल्यम केरी यांचा मराठी शब्दकोश १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे मोडी खिळ्यांनी छापला गेला. परंतु जोडून लिहिल्या जाणाऱ्या अक्षरांचे सुटे खिळे पाडणे कष्टाचे होते. मोडीला शिलाछापाची पद्धत अधिक सोयीची ठरली आणि ग्रंथछपाईत देवनागरीने जम बसविला. शाळांमधून मोडीचे शिक्षण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होते. त्यानंतर ती व्यवहारातून गेली.

अक्षराला क्रमांक म्हणजे काय

संगणक अक्षर ओळखत नाही, तो संख्या साठवितो. कोणती संख्या कोणत्या अक्षरासाठी, हे सर्वांनी मिळून ठरविले तरच एका यंत्रावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर तसाच दिसतो. असा जागतिक ठराव म्हणजे युनिकोड. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे समांतर मानक त्याच्याशी जुळवून ठेवलेले असते. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. तिच्यातील ‘अ’ या अक्षराचा संकेतांक दशमान मोजणीत २,३०९ आहे, तर मोडीतील ‘अ’ चा ७१,१६८. षोडशमान पद्धतीत हाच आकडा ११६०० असा लिहितात आणि मोडीचा विभाग तेथूनच सुरू होतो.

संकेतांक देण्यापूर्वी मोडी संगणकावर नव्हती असे नाही. मोडी वळणाचे फॉन्ट तयार होत होते. मात्र त्यांतील अक्षरे देवनागरीच्या किंवा रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर बसविलेली असत. फॉन्ट असेपर्यंत पडद्यावर मोडी दिसे. तो काढताच तोच मजकूर देवनागरीत किंवा निरर्थक रोमन अक्षरांत बदलून जाई. दोन वेगवेगळ्या फॉन्टमधील मजकुराचा एकत्र शोधही घेता येत नसे. मोडी तेथे केवळ पोशाखासारखी होती. साठविलेल्या मजकुरात तिचा मागमूस नव्हता.

स्वतंत्र स्थान कशासाठी

मोडीला स्वतंत्र संकेतांक देण्याचा सविस्तर प्रस्ताव लिपी अभ्यासक अंशुमन पांडे यांनी २०११ मध्ये सादर केला. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चालणाऱ्या लिपी संकेतन उपक्रमाचे त्याला पाठबळ होते. प्रस्तावासमोरचा मूळ प्रश्न असा होता की, मोडी ही देवनागरीचीच एक शैली आहे की वेगळी लिपी? दोन्हींची वर्णमाला एकच आहे आणि अक्षराला अक्षर जवळजवळ जुळते. तसे असेल तर नवा फॉन्ट पुरेसा ठरला असता.

वेगळेपणाच्या बाजूने दोन कारणे ठळक होती. पहिले कारण रचनेचे. मोडीत अक्षराला स्वरचिन्ह जोडताना अनेकदा अक्षर व चिन्ह मिळून नवेच रूप बनते. ‘र’ संदर्भानुसार निरनिराळी रूपे घेतो. जोडाक्षरांची पद्धतही देवनागरीपेक्षा वेगळी आहे. दुसरे कारण व्यवहाराचे. शेकडो वर्षे एकाच समाजाने ‘बाळबोध’ आणि ‘मोडी’ ही दोन अक्षरे वेगवेगळी म्हणून शिकली आणि शिकविली. एकाच कागदात दोन्ही आढळतात तेव्हा कोणता मजकूर कोणत्या अक्षरात होता, हे नोंदवून ठेवणेही इतिहासाच्या दृष्टीने आवश्यक असते.

याउलट, शिवकालीन वळण आणि पेशवेकालीन वळण यांना वेगवेगळे क्रमांक मिळालेले नाहीत. युनिकोड अक्षराला क्रमांक देते, त्याच्या प्रत्येक वळणाला नाही. एका कारकुनाचा ‘क’ आणि दुसऱ्याचा ‘क’ दिसायला कितीही निराळे असले, तरी ते एकच अक्षर ठरते. वळणाचा फरक दाखविण्याचे काम फॉन्टकडे सोपविलेले आहे.

७९ वर्णांचा संसार

मोडीच्या विभागात ९६ जागा राखल्या असून त्यांपैकी ७९ भरलेल्या आहेत. त्यांत १४ स्वर आणि ३४ व्यंजने मिळून ४८ अक्षरे आहेत. त्याशिवाय १३ स्वरचिन्हे, अनुस्वार, विसर्ग, विराम, अर्धचंद्र, एकेरी व दुहेरी दंड, संक्षेपचिन्ह, ‘हुवा’ नावाची खूण आणि शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लेखनात सहसा नसला तरी इ-ई आणि उ-ऊ यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. जेथे लेखकाने भेद केला असेल तेथे तो नोंदविण्याची सोय त्यामुळे राहिली आहे.

हिशेबी कागदांसाठी आणखी एक गट उपयोगी पडतो. पाव, अर्धा, पाऊण तसेच रुपयाच्या सोळाव्या व आठव्या भागांसाठी वापरल्या जाणाऱ्या खुणा उत्तर आणि पश्चिम भारतातील अनेक लिपींत समान होत्या. त्यांना २००९ मधील ५.२ आवृत्तीत सामायिक भारतीय अंकरूपे म्हणून दहा जागा मिळाल्या. घाटाच्या किंवा अन्नछत्राच्या खर्चाचा ताळेबंद आज संगणकावर मूळ रूपात उतरवायचा झाला, तर मोडी अक्षरांइतक्याच या खुणाही लागतात.

एकदा दिलेला संकेतांक काढून घ्यायचा नाही किंवा दुसऱ्या अक्षराला द्यायचा नाही, हा युनिकोडचा नियम आहे. त्यामुळे आज टंकलिखित केलेला मोडी मजकूर पुढील पिढ्यांच्या यंत्रांवरही तीच अक्षरे दर्शवील, याची हमी मिळते. कागदाला वाळवी लागते, शाई उडते, फॉन्ट बनविणारे व्यवसाय बंद होतात. अशा वेळी ही हमी मोलाची आहे.

इतर धावत्या लिपी

२०१४ च्या आवृत्तीत मोडी एकटी आली नाही. त्या वेळी एकूण २३ नव्या लिपी आणि २,८३४ नवे वर्ण दाखल झाले. उत्तर भारतातील व्यापाऱ्यांची महाजनी लिपी त्यांत होती. फ्रान्समध्ये एमिल द्युप्लॉये यांनी १८६० मध्ये मांडलेली द्युप्लॉयन ही लघुलेखनाची लिपीही याच आवृत्तीत समाविष्ट झाली. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तिचा वापर चिनूक जार्गन या मूळ निवासींच्या व्यवहारभाषेसाठी झाला आणि त्या भाषेतील नियतकालिकही तिच्यात निघाले. खुद्द वाराणसीच्या परिसरात आणि बिहारमध्ये कायस्थ लेखनिकांची कैथी चालत असे. तिला २००९ मध्येच स्थान मिळाले होते.

या लिपींच्या कथा एकमेकींशी जुळतात. लेखनिकाच्या हाताला गती देण्यासाठी त्या घडल्या, दफ्तरांत व दुकानांत वाढल्या आणि छपाईचा व टंकयंत्राचा काळ येताच मागे पडल्या. त्यांतील साहित्य पुस्तकांच्या रूपाने फारसे पसरले नाही, म्हणून त्या विस्मृतीत जाणे सोपे झाले. परंतु जमिनीचे खरेदीखत, कर्जाची नोंद, वंशावळ, वतनाचा निवाडा हे कागद त्यांच्यातच राहिले.

क्रमांक मिळाला, वाचन राहिले

पुणे येथील पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल आहेत. त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. तत्पूर्वी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून मोडी कागद देवनागरीत उतरवून छापले. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानेही मोठा संग्रह जमविला. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तेथील मराठी राजदरबाराची मोडी बाडे आहेत. एवढे होऊनही छापील रूपात आलेले कागद एकूण संग्रहाचा लहानसा अंश आहेत.

या कागदांचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला. तेव्हा जुनी महसुली व शालेय दफ्तरे उघडली गेली आणि मोडी वाचकांची गरज एकाएकी ठळक झाली. जमिनीच्या वादांतही जुना मोडी दस्त पुढे येतो. अशा वेळी एका अक्षराच्या वाचनावर कुटुंबाचा हक्क अवलंबून असू शकतो.

येथेच संकेतनाचे खरे मोल दिसते. मोडीचा मजकूर देवनागरीत उतरविणे ही यांत्रिक अदलाबदल नाही. त्यात वाचणाऱ्याचा निर्णय असतो. समजा, कागदावर ‘तीनद्यावी’ अशी सलग अक्षरे आहेत. ती ‘तीन द्यावी’ अशी तोडली तर देण्याची आज्ञा होते आणि ‘ती न द्यावी’ अशी तोडली तर न देण्याची. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील निवडही वाचकालाच करावी लागते. एकदा देवनागरीत शब्द तोडून व ऱ्हस्व-दीर्घ ठरवून लिहिले, की मूळ संदिग्धता नाहीशी होते. वाचन चुकले असेल तर छापील प्रतीवरून ते कळायला मार्ग राहत नाही.

मोडीला स्वतःचे क्रमांक असल्यामुळे दोन थर वेगळे ठेवता येतात. एका थरात कागदावर जे आहे ते, तसेच सलग, मोडीतच टंकलिखित करता येते. दुसऱ्या थरात वाचकाने लावलेला देवनागरी पाठ देता येतो. कोणीही दोन्ही ताडून पाहू शकतो आणि वेगळे वाचन सुचवू शकतो. पुराव्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. आजवरच्या बहुतेक प्रकाशनांत मात्र केवळ दुसरा थर उपलब्ध आहे.

साधने आणि यंत्रवाचन

संकेतांक ठरल्यानंतर साधने येण्यास वेळ लागला. मोडीचे वर्ण युनिकोडच्या मूळ तक्त्याबाहेरील पूरक भागात आहेत. प्रचलित यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीच्या एका वर्णाला तीन बाइट लागतात, तर मोडीला चार. काही जुन्या माहितीसाठा प्रणाली तीन बाइटांपुढचे वर्ण स्वीकारत नसत. भावमुद्राचित्रे, म्हणजे इमोजीही बहुतांशी याच पूरक भागात असल्याने त्यांच्या लोकप्रियतेबरोबर ही अडचण बरीचशी दूर झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० बरोबर आणलेल्या सार्वत्रिक अक्षररचना यंत्रणेत मोडीचा समावेश आहे. गूगलच्या नोटो मालिकेत मोडीचा मुक्त फॉन्ट आहे, तर ‘अक्षरमुख’ या लिप्यंतर साधनातून देवनागरी मजकूर मोडी संकेतांकांत बदलता येतो.

हस्तलिखिताचे यंत्राकडून वाचन हा पुढचा टप्पा आहे. २०२५ मध्ये आयआयटी रुडकी येथील संशोधकांनी मोडी कागदांच्या प्रतिमांवरून थेट देवनागरी मजकूर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. तिच्यासाठी शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन वळणांच्या २,०४३ प्रतिमा व त्यांचे देवनागरी पाठ असा संच तयार करण्यात आला. एवढ्या मोठ्या कागदसाठ्याचा निदान पहिला चाळा करण्यास अशी साधने उपयुक्त ठरू शकतात. कोणत्या रुमालात कोणते गाव वा कोणते घराणे येते, हे कळले तरी तज्ज्ञांचे श्रम पुष्कळ वाचतील.

तथापि, प्रतिमेवरून सरळ देवनागरीत जाणारे यंत्रही मानवी वाचकाप्रमाणेच शब्द तोडते आणि ऱ्हस्व-दीर्घ ठरविते. तो निर्णय कोठे घेतला गेला, हे मजकुरात उमटत नाही. मधला मोडी थर जपला तर यंत्राची चूकही पकडता येते. त्यासाठी मोडी संकेतांकांत टंकलिखित केलेला, तज्ज्ञांनी तपासलेला मजकूर मोठ्या प्रमाणावर हवा. तो तयार करण्यासाठी मोडी जाणणारी माणसे लागतात आणि ती माणसे वर्गांतून घडवावी लागतात. महाराष्ट्रात इतिहास संस्था, विद्यापीठे आणि पुराभिलेख संचालनालय यांच्या वतीने मोडी प्रशिक्षणाचे वर्ग चालतात. या वर्गांत वाचनाबरोबर संगणकावरील मोडी टंकलेखनही शिकविले गेले, तर प्रत्येक प्रशिक्षित वाचकाचे काम सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या साठ्यात जमा होईल.

मणिकर्णिकेचा घाट बांधणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. त्या घाटांवर राबलेल्या गवंड्यांची, दगड आणणाऱ्यांची, हुंडी वटविणाऱ्या पेढ्यांची आणि यात्रेस आलेल्या साध्या गावकऱ्यांची नावे शोधायची असतील, तर ती हिशेबाच्या नि पत्रांच्या मोडी कागदांतच शोधावी लागतील. त्या कागदांतील अक्षरांना आता टिकाऊ क्रमांक आहेत. ते क्रमांक वापरून कागद उतरविण्याचे काम अद्याप प्रारंभीच्या अवस्थेत आहे.